तीस मतं: नेब्रास्काचे आमदार अर्नी चेंबर्स आणि मृत्युदंडाचं विधेयक

नेब्रास्का राज्याच्या विधिमंडळात ४९ सदस्य आहेत. गव्हर्नरने नाकारलेलं विधेयक पुन्हा मंजूर करायचं असेल तर त्यांतली ३० मतं लागतात. २७ मे २०१५ रोजी मृत्युदंड रद्द करणाऱ्या 'एलबी २६८' या विधेयकाला बरोबर ३० मतं पडली, विरोधात १९. एक जण जरी फिरला असता तरी विधेयक तिथेच संपलं असतं. ते मांडणारे अर्नी चेंबर्स तेव्हा ७७ वर्षांचे होते आणि सत्तरच्या दशकापासून हीच मागणी घेऊन सभागृहात उभे राहत आले होते.

पुढे नोव्हेंबर २०१६ मध्ये सार्वमत झालं. सुमारे ६१ टक्के मतदारांनी तो कायदा रद्द केला आणि मृत्युदंड परत आणला.

राज्य तेच, प्रश्न तोच, मध्ये सतरा महिने, आणि उत्तर उलटं. चेंबर्स यांच्या कारकिर्दीबद्दल लिहिताना मला हेच प्रकरण निवडावंसं वाटलं, कारण सभागृहात एकटा माणूस काय करू शकतो आणि सभागृहाच्या दाराबाहेर त्याचा हात कुठे तोकडा पडतो, या दोन्ही गोष्टी इथे स्वच्छ दिसतात.

सलूनमधून सभागृहात

चेंबर्स यांचा जन्म १९३७ चा, ओमाहा शहरातला. उत्तर ओमाहा ही तिथली कृष्णवर्णीयांची वस्ती. वडील धर्मोपदेशक होते. क्रेटन या कॅथलिक विद्यापीठातून त्यांनी इतिहासाची पदवी घेतली. पोस्टात नोकरी लागली, पण ती १९६३ मध्ये गेली. तिथले वरिष्ठ मोठ्या कृष्णवर्णीय माणसांना 'पोरा' म्हणून हाक मारतात, अशी त्यांची तक्रार होती. मग ते वस्तीतल्या एका सलूनमध्ये केस कापू लागले. १९६६ च्या सुमारास ओमाहातल्या एका गोऱ्या ल्यूथरन चर्चवर माहितीपट निघाला. त्यात हा तरुण न्हावी त्या चर्चच्या पाद्रीसाहेबांना वर्णद्वेषाबद्दल शांतपणे, पण एक शब्दही मऊ न करता सुनावताना दिसतो. माहितीपटाला ऑस्करचं नामांकन मिळालं. कायद्याचं शिक्षण मध्येच सुटलं होतं. ते त्यांनी १९७९ मध्ये, आमदार असताना, पुरं केलं. वकिलीची सनद मात्र कधीच घेतली नाही.

१९७० मध्ये ते अकराव्या मतदारसंघातून निवडून आले आणि १९७१ पासून २००९ पर्यंत सलग आमदार राहिले. जीन्स आणि अर्ध्या बाह्यांचा स्वेटशर्ट हाच त्यांचा सभागृहातला वेश. सकाळच्या प्रार्थनेला ते हजर राहत नसत. ती प्रार्थना म्हणणाऱ्या पाद्रीला सरकारी तिजोरीतून पगार मिळतो, म्हणून त्यांनी खटला भरला. तो थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८३ मध्ये ते सहा विरुद्ध तीन असे हरले. २००७ मध्ये त्यांनी देवावरच दावा लावला. न्यायालयाचं दार कोणालाही, कोणाविरुद्धही बंद असू नये, हे त्यांना दाखवायचं होतं. समन्स बजावायला प्रतिवादीचा पत्ता नाही, या कारणाने तो निकाली निघाला. राज्याबाहेर अनेकांना चेंबर्स ठाऊक आहेत ते या दाव्यामुळेच, आणि मला ते त्यांच्यावर अन्यायाचं वाटतं. ओमाहाच्या नगर परिषदेची निवडणूक शहरभर एकत्र न होता प्रभागवार व्हावी, असा कायदा १९७९ मध्ये झाला. उत्तर ओमाहाला त्यामुळे आपला माणूस तिथे पाठवता आला. १९८८ मध्ये शाळांमधली छडी बंद झाली. वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेतून सार्वजनिक पैसा काढून घेणाऱ्या पहिल्या अमेरिकी राज्यांत शेतकऱ्यांचं हे राज्य होतं. या तिन्ही कामांमागे चेंबर्स यांचा रेटा होता.

एकच सभागृह, आणि त्यातली वेळ

नेब्रास्काचं विधिमंडळ अमेरिकेत एकमेव एकसदनी आहे. नेब्रास्कातले नेते जॉर्ज नॉरिस यांच्या प्रचारानंतर १९३४ मध्ये मतदारांनी दोन सभागृहांची पद्धत मोडीत काढली आणि १९३७ पासून नवं सभागृह भरू लागलं. सदस्यांना 'सिनेटर' म्हणतात. मतपत्रिकेवर त्यांच्या नावापुढे पक्ष लिहिलेला नसतो, आणि सभागृहात पक्षाचा अधिकृत गट किंवा पक्षादेश नसतो. कोण रिपब्लिकन, कोण डेमोक्रॅट हे सगळ्यांना माहीत असतं (बहुमत सहसा रिपब्लिकनांचं), पण मत ज्याचं त्याचं. चेंबर्स अपक्ष. पगार वर्षाला १२,००० डॉलर, आणि १९८८ नंतर तो वाढलेलाच नाही.

विषम वर्षी ९० दिवसांचं अधिवेशन, सम वर्षी ६० दिवसांचं. समितीकडे गेलेल्या प्रत्येक विधेयकावर जाहीर सुनावणी घ्यावीच लागते, मग सभागृहात तीन फेऱ्या. चर्चा लांबवणाऱ्याला थांबवायचं तर ३३ मतं लागतात. म्हणजे या सभागृहात खरी टंचाई असते ती वेळेची, आणि चेंबर्स यांनी नेमकी तीच आपल्या हातात घेतली. नियमपुस्तक त्यांना तोंडपाठ होतं. इतरांची विधेयकं ते बारकाईने वाचत. न पटलेल्या विधेयकावर एकामागून एक दुरुस्त्या मांडत, प्रत्येकीवर बोलत, आणि अधिवेशनाचे शेवटचे दिवस जवळ आले की बाकीचे तडजोडीला येत. एकट्या सदस्याला मिळू शकणारी एवढी ताकद ही त्या नियमांची देणगी होती. पण ती वापरायला रोज तिथे बसून राहावं लागतं, आणि ते बसत.

नॉरिस यांच्या योजनेत दुसरं सभागृह नाही, कारण जनताच दुसरं सभागृह, असं नेब्रास्कात आजही म्हणतात. पुरेशा सह्या गोळा झाल्या की मतदार स्वतः कायदा करू शकतात किंवा झालेला कायदा मतपेटीवर आणू शकतात. २००० मध्ये मतदारांनी याच मार्गाने राज्यघटनेत दुरुस्ती केली: कोणत्याही आमदाराला सलग दोनपेक्षा जास्त मुदती नाहीत. चेंबर्स यांना घालवण्यासाठीच ही दुरुस्ती आली, असं तिथे सर्रास बोललं जायचं. त्यानुसार २००९ मध्ये ते बाहेर पडले. चार वर्षं थांबून २०१२ मध्ये पुन्हा उभे राहिले आणि त्याच मतदारसंघाने त्यांना परत पाठवलं.

चाळीस वर्षांचं विधेयक

आपण 'फाशी' म्हणतो, पण नेब्रास्कात दोर नव्हता, विजेची खुर्ची होती. १९५९ नंतर ती पस्तीस वर्षं वापरली गेली नाही. मग १९९४, १९९६ आणि १९९७ मध्ये एकेकाला त्या खुर्चीत बसवलं. २००८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने खुर्ची घटनाबाह्य ठरवली. पुढच्या वर्षी विषारी इंजेक्शनची पद्धत आली, तरी कितीतरी वर्षं एकाही शिक्षेची अंमलबजावणी होऊ शकली नाही.

या सगळ्या काळात चेंबर्स यांची मागणी चालूच होती. १९७९ मध्ये विधेयक मंजूर झालं होतं, पण गव्हर्नर चार्ल्स थोन यांनी नकाराधिकार वापरला. २००७ मध्ये पहिल्या फेरीत ते २४ विरुद्ध २५ असं पडलं. २०१३ मध्ये साधं बहुमत होतं, पण चर्चा थांबवण्याइतकी मतं नव्हती. जे हत्यार ते आयुष्यभर इतरांवर चालवत आले, ते त्या वर्षी त्यांच्यावरच चाललं.

२०१५ मध्ये वेगळं काय घडलं? बोलणारी माणसं बदलली, असं माझं मत आहे. चेंबर्स यांचा युक्तिवाद पहिल्यापासून नैतिक आणि वर्णभेदाशी बांधलेला: राज्याने माणूस मारू नये, आणि राज्य मारतं तेव्हा कोणाला मारतं तेही बघा. हा युक्तिवाद ग्रामीण, गोऱ्या, रिपब्लिकन आमदारांपर्यंत पोहोचत नव्हता. मुदतबंदीमुळे सभागृहात नवी माणसं आली होती. चेंबर्स यांच्याशी तीस वर्षांची भांडणं त्यांच्या खात्यावर नव्हती, आणि त्यांच्याकडे स्वतःची कारणं होती. लिंकन शहरातले रिपब्लिकन आमदार कोल्बी कोश यांचं उदाहरण बोलकं आहे. १९९४ ची शिक्षा झाली तेव्हा ते विद्यार्थी होते आणि मृत्युदंडाच्या बाजूने होते. त्या रात्री ते मित्रांबरोबर तुरुंगाबाहेर गेले. कुंपणाच्या एका बाजूला लोक प्रार्थना करत होते, आणि दुसऱ्या बाजूला गाणी, खाणंपिणं आणि नववर्षाच्या रात्रीसारखी उलटी गणती. कोश त्या दुसऱ्या बाजूला उभे होते. त्याची लाज वाटत राहिली आणि मत बदललं, हे त्यांनी पुढे अनेकदा जाहीरपणे सांगितलं.

दुसऱ्यांची कारणं आणखी वेगळी. जे सरकार एखादी गोष्ट अठरा वर्षांत करूच शकत नाही, तिच्यावर पैसा का घालायचा? गर्भपाताला विरोध करायचा आणि जल्लादाला पगार द्यायचा, हे कसं जुळवायचं? कॅथलिक बिशप विधेयकाच्या बाजूने होते. शिवाय बिआट्रिस गावचा खटला राज्याच्या मनात ताजा होता. १९८५ च्या एका खुनासाठी सहा निरपराध माणसांना शिक्षा झाल्या होत्या, आणि २००८ मध्ये डीएनए चाचणीने ती सगळी निर्दोष ठरली. त्यांतल्या काहींनी न केलेला गुन्हा कबूल केला होता, कारण त्यांना मृत्युदंडाची धमकी दिली गेली होती. मृत्युदंडाचा धाक खोटी कबुली काढून घेऊ शकतो, ही गोष्ट कायदा-सुव्यवस्थेवर विश्वास असणाऱ्या माणसालाही हलवते.

त्याच वर्षी मार्चमध्ये एका सुनावणीत चेंबर्स यांनी पोलिसांची तुलना आयसिस या दहशतवादी संघटनेशी केली. गदारोळ झाला, सहकाऱ्यांनी माफी मागायला सांगितली, राजीनाम्याची मागणी झाली. त्यांनी माफी मागितली नाही. उत्तर ओमाहात पोलिसांची भीती खरी आहे हे मान्य करूनही मला ते वाक्य चुकीचं आणि त्यांच्याच कामाला घातक वाटतं. तरीही दोन महिन्यांनी, त्यांच्या बोलण्यावर संतापलेल्यांपैकी काहींनी त्यांच्याच विधेयकाला मत दिलं. पक्षादेश नसलेल्या सभागृहात हे शक्य झालं.

सात दिवस

२० मे रोजी शेवटच्या वाचनात विधेयक ३२ विरुद्ध १५ मतांनी मंजूर झालं. त्याच दिवशी ओमाहात वॉरंट बजावायला गेलेल्या एका महिला पोलिस अधिकाऱ्याचा गोळी लागून मृत्यू झाला. मुदतीआधी जन्मलेली त्यांची मुलगी रुग्णालयात होती, आणि तिला घरी आणण्यासाठी दुसऱ्या दिवसापासून त्या रजेवर जाणार होत्या. सगळं शहर हळहळलं. २४ मे रोजी, जवळपास तीस वर्षं मृत्युदंडाच्या रांगेत असलेला एक कैदी तुरुंगात आजाराने मेला. २६ मे रोजी त्या अधिकाऱ्याचा अंत्यविधी झाला आणि त्याच दिवशी गव्हर्नर पीट रिकेट्स यांनी विधेयकावर नकाराधिकार वापरला.

दोन्ही बाजूंचं म्हणणं त्या आठवड्यात असं समोरासमोर उभं होतं. राज्य ज्यांना मारणार म्हणून सांगतं ते म्हातारे होऊन अंथरुणात मरतात, हे विधेयकाच्या समर्थकांना दिसत होतं. विरोधकांना दिसत होती ती शवपेटी. विरोधकांचं दुःख बनावट नव्हतं. नॉरफोक गावात २००२ मध्ये बँकेवर दरोडा घालताना तिघांनी एका मिनिटाच्या आत पाच जणांना ठार केलं होतं. त्या भागातल्या माणसाला 'जन्मठेप पुरेशी आहे' हे पटवणं सोपं नव्हतं.

२७ मे रोजी आधीच्या ३२ पैकी दोघे फिरले. आधी मत न दिलेले दोघेही विरोधात गेले. ३० उरले. १९७३ मधल्या नॉर्थ डाकोटानंतर रिपब्लिकन वर्चस्वाच्या एखाद्या राज्याने मृत्युदंड रद्द करण्याची ही पहिली वेळ होती.

औषधाच्या कुप्या, मुंबई आणि कोलकाता

या प्रकरणाचा एक धागा थेट आपल्याकडे येतो. इंजेक्शनची पद्धत स्वीकारली तरी औषध मिळेना, कारण उत्पादक ते तुरुंगांना द्यायला तयार नव्हते. तेव्हा नेब्रास्काने सोडियम थायोपेंटल हे भुलीचं औषध मुंबईच्या केयेम फार्मास्युटिकल या कंपनीकडून विकत घेतलं. बातमी बाहेर आली आणि एप्रिल २०११ मध्ये कंपनीने जाहीर केलं की, हिंदू धर्माची मूल्यं मानणारे म्हणून या कामासाठी आम्ही हे औषध यापुढे विकणार नाही. इकडे त्या खरेदीच्या वैधतेवरून न्यायालयात वाद उभा राहिला आणि केरी डीन मूर या कैद्याची जून २०११ साठी ठरलेली शिक्षा स्थगित झाली. ओमाहातला एक आमदार चार दशकं जे थांबवायला धडपडत होता, ते काही काळ तरी मुंबईहून आलेल्या कुप्यांच्या वादामुळे थांबलं.

२०१५ मध्ये विधेयक पुढे सरकत असताना, मेच्या मध्यावर, राज्य सरकारने नवी औषधं मागवल्याचं जाहीर केलं. या वेळी विक्रेता कोलकात्याचा होता आणि किंमत ५४,४०० डॉलर. आता अंमलबजावणी होऊ शकते, हे डळमळीत आमदारांना दाखवणं हाच त्या घोषणेचा हेतू होता, असं मी समजतो. ती औषधं कधीच पोहोचली नाहीत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आयातीला नकार दिला, आणि पैसेही परत मिळाले नाहीत. 'सरकारला हे जमत नाही' या कोश यांच्या बाजूच्या युक्तिवादाला याहून ठोस पुरावा काय हवा होता?

दुसरं सभागृह

विधेयकाचा कायदा ३० ऑगस्ट २०१५ ला लागू व्हायचा होता. मृत्युदंडाच्या समर्थकांनी लगेच सह्यांची मोहीम उघडली. रिकेट्स यांनी स्वतःच्या खिशातून २ लाख डॉलर दिले, त्यांच्या उद्योगपती वडिलांनी १ लाख. राज्यातल्या नोंदणीकृत मतदारांच्या १० टक्के सह्या मिळाल्या तर कायदा सार्वमतापर्यंत गोठतो. २६ ऑगस्टला १,६६,६९२ सह्या सादर झाल्या. कायदा लागू होण्याआधीच थांबला.

मतपत्रिकेवरची भाषाही विचित्र होती. 'कायम ठेवा' याचा अर्थ मृत्युदंड रद्द करणारा कायदा कायम ठेवा, आणि 'रद्द करा' याचा अर्थ तो कायदा रद्द करा, म्हणजे मृत्युदंड ठेवा. यामुळे थोडीफार मतं इकडची तिकडे गेलीही असतील, पण ६१ आणि ३९ यांतला फरक शब्दांच्या घोळाने पडत नाही.

सार्वमतात दुरुस्त्या मांडता येत नाहीत. तिथे चर्चा लांबवता येत नाही, तिसऱ्या फेरीपर्यंत एकेका माणसाला गाठून बोलता येत नाही. कोश यांना जी गोष्ट उमगायला वीस वर्षं लागली ती लाखो लोकांना एका शरद ऋतूत समजावून सांगायची होती. चेंबर्स यांचं कसब मुरलेलं होतं ते ४९ जणांच्या खोलीत. त्या खोलीबाहेर, विशेषतः पश्चिमेकडच्या गावांत, ते अनेकांना ठाऊक होते ते पोलिसांना आयसिस म्हणणारा आणि देवावर दावा लावणारा माणूस म्हणून. त्यांच्याबद्दल आदर बाळगूनही हे लिहावं लागतं: सभागृहात कोणाचीही भीड न ठेवल्यामुळे त्यांना जे मिळालं, त्याची किंमत सार्वमतात चुकवावी लागली. अर्थात दुसरा कोणी, जास्त गोड बोलणारा आमदार असता, तर मुळात ती ३० मतं तरी जमली असती का? १९७९ पासूनचा इतिहास पाहिला तर मला तसं वाटत नाही.

त्याच नोव्हेंबरमध्ये अकराव्या मतदारसंघाने चेंबर्स यांना पुन्हा निवडून दिलं. पण त्यांची ३० मतं विरत गेली. न्याय समितीचे अध्यक्ष लेस सायलर आणि आमदार अल डेव्हिस पराभूत झाले. दोघांच्याही विरोधात गव्हर्नरांनी प्रतिस्पर्ध्याला बळ दिलं होतं. कोश यांच्या दोन मुदती संपल्या होत्या. ज्या मुदतबंदीने २०१५ साठी नवे चेहरे आणले होते, तिनेच ते परतही नेले.

१४ ऑगस्ट २०१८ रोजी केरी डीन मूरला इंजेक्शन देण्यात आलं. १९७९ मध्ये ओमाहातल्या दोन टॅक्सीचालकांचा खून करणारा हा माणूस ३८ वर्षं रांगेत होता आणि शेवटी त्याने स्वतःच अपील करणं सोडलं होतं. नेब्रास्कातली ती २१ वर्षांतली पहिली अंमलबजावणी. चार औषधांत एक फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक होतं. अमेरिकेत मृत्युदंडासाठी ते तेव्हा पहिल्यांदाच वापरलं गेलं. आपलं औषध यासाठी वापरू नये म्हणून एक जर्मन कंपनी न्यायालयात गेली होती. तिची मागणी फेटाळली गेली.

२०१९ मध्ये, ८१ वर्षांचे असताना, चेंबर्स यांनी मृत्युदंड रद्द करण्याचं विधेयक पुन्हा मांडलं. या वेळी ते पहिल्या फेरीच्याही पुढे गेलं नाही. जानेवारी २०२१ मध्ये त्यांची मुदत संपली, एकूण ४६ वर्षांनी, आणि अकराव्या मतदारसंघाची जागा टेरेल मॅकिनी या उत्तर ओमाहातच वाढलेल्या तरुणाकडे गेली.